काटा

सकाळी सातला मिरजेहून येतो मी.
वखारभाग, दुसरा मजला, चपला बाहेर.
पारिसाअण्णा भिंतीकडे तोंड करून जागेच असतात,
पावलांवरून ओळखतात:
"तीन मिनिटं उशीर झाला, इलाही."

आधी डायपर. तेवढा वेळ कुणीच बोलत नाही.
ते पंखा बघतात, बंद असला तरी.
कोमट पाणी, मऊ फडकं, पावडर.
माकडहाडाशी लाल दिसतंय का, बोटानं दाबून बघायचं,
लाली गेली आणि परत आली तर ठीक.

मग पलंगावरून खुर्चीत.
एक हात पाठीशी, एक गुडघ्यांखाली.
पोतं अंग चोरतं तेव्हाच हमालाची कंबर मोडते,
हे त्यांनीच सांगितलं पहिल्या आठवड्यात,
म्हणून अण्णा अंग चोरत नाहीत.
सगळे येतात माझ्यावर,
आणि असे अधांतरी असतानाच विचारतात,
"किती भरलो?"

चाळीस वर्षं तोलार होते हळदीच्या पेठेत.
पोत्याला नुसता गुडघा लावून सांगायचे किती,
आणि आत ओल आहे की नाही तेही.
अजून पिशवी बघून म्हणतात,
"दोडका. पाऊण सांगून सहाशेच दिलाय तुला."
मी खाली जाऊन भांडून येतो. सहाशेच असतो.

"बावन्न," मी सांगतो.
श्रावणात बावन्न होते.
दिवाळीत मी बावन्नच सांगितलं, संक्रांतीलाही,
मनगटावरचं घड्याळ कोपराकडं घसरायला लागलं तरी बावन्न.
रविवारी अभिनंदनचा फोन येतो हिंजवडीहून,
"पप्पा जेवतात ना?"
जेवतात, म्हणतो मी.
किती, ते त्यानं विचारलेलं नाही.

संध्याकाळी घाई असते.
दिवस बुडायच्या आत सगळं पोटात गेलं पाहिजे,
मुगाचा मऊ भात, तूप, रात्रीची गोळीसुद्धा उजेडातच.
त्यानंतर पाण्याचा थेंबही नाही.
जन्माचा नेम आहे, अर्धांगानं मोडलेला नाही.
फक्त घास आता गालात अडकून बसतो,
आणि मी गळ्यावरून बोट फिरवत म्हणत राहतो,
गिळा अण्णा, गिळा की, सहा एकतीस झाले.

रोजे सुरू झाले तेव्हा मी काही बोललो नव्हतो.
चौथ्या दिवशी त्यांनी चमचा अडवला.
"तुझ्या तोंडाला वास येतोय उपाशी माणसाचा.
तू कधी खाणार?"
दिवस बुडल्यावर, म्हटलं.
ते हसले. डाव्या बाजूनं हसता येत नाही,
तरी भात सांडेपर्यंत हसले.
"एकच सूर्य आणि दोन गिऱ्हाइकं!
मला म्हणतोस लवकर, आणि त्याला म्हणत असशील जा की बाबा."

तेव्हापासून खिडकी त्यांच्याकडं.
गोळी गिळून झाली की मान वळवून बसतात,
समोरच्या पाण्याच्या टाकीवरचा उजेड उतरत जातो,
ते बघत राहतात भाव उतरताना बघावा तसे.
"बुडाला. सोड."
मी बाटली घेऊन दाराआड जायचो,
ज्याला पहाटेपर्यंत पाणी नाही त्याच्यासमोर कसं प्यायचं.
"इकडं तोंड करून पी," म्हणाले.
"चोरून पिल्यासारखं काय करतोस?"

दुसऱ्या दिवशी सकाळी उचललं.
"किती भरलो?"
बावन्न.
कानाजवळच होतं त्यांचं तोंड.
"काटा मारायचा नाही, लेका.
रोज्यात तर नाहीच नाही."

पलंग आणि खुर्चीत दोन पावलं आहेत.
मी मध्येच उभा राहिलो.
त्रेचाळीस असेल, म्हटलं. असेल, अण्णा.

खुर्चीत बसल्यावर त्यांनी उजव्या हातानं
डावा हात उचलून मांडीवर नीट ठेवला.
"साडेएक्केचाळीस," म्हणाले.
"आणि उचलताना दम धरतोस तू.
धरू नकोस. माप हलतं."

मी दाढीचं पाणी तापवायला गेलो.